ओबेदचं ताट

पेलिकन बे, कॅरियाकू
रविवार, ४ सप्टेंबर

चि. व्हर्लिन हिस आजीचे अ. उ. आ.

तुला एक आजी आहे, ती अजून जिवंत आहे, आणि तिची वेताची टोपली ईस्टरपासून तुझ्याकडे पडून आहे, या तिन्ही गोष्टी तू विसरली असशील म्हणून हे पत्र. पहिल्या दोन विसरलीस तर माफ. टोपलीला माफी नाही. तिच्यात मी तुला ओल्या तुरीचे दाणे आणि दोन भाजलेले नीरफणस पाठवले होते. दाणे आणि फणस तुझ्या पोटात गेले ते बरंच झालं. टोपली कुणाच्या पोटात गेली, तेवढं कळव.

नेहमीप्रमाणे मी बोलते आहे आणि सायलस मास्तर लिहितो आहे. ऐंशीचा झाला तरी त्याचं अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला सगळी अक्षरं सारखीच, वाळूवरून खेकडा गेल्यासारखी. म्हणून प्रत्येक पत्र मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेते. दोन्ही वेळा तेच शब्द आले तर पत्र बोटीवर जातं. चाळीस वर्षांत एकदाच फरक पडला. त्या वेळी त्यानं माझ्या तोंडी त्याच्या कोंबडा पक्षाची स्तुती घातली होती.

तर रेडिओ म्हणतो की पूर्वेला, लांब समुद्रावर, वारा गोळा होतो आहे. शुक्रवारपर्यंत तो इकडे येईल, कदाचित येणारही नाही. जूनपासूनचं हे तिसरं कदाचित. पहिल्या कदाचितला मंत्री बोटीतून उतरला आणि बिस्किटांचे डबे वाटून गेला. दुसऱ्याला छपराचे पत्रे वाटले. डब्यावर कोंबडा, पत्र्यावरही कोंबडा. नोव्हेंबरात निवडणूक आहे, हे लक्षात घे. माझ्या मते हे वादळ आफ्रिकेकडून येत नाही, कोंबड्याच्या कचेरीतून निघतं.

(मास्तरची टीप: हवामान खात्याला निवडणुकीची तारीख विचारावी लागत नाही. – सायलस)

आत्ता त्यानं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. तक्रारच असणार. असू दे.

गावात धावपळ आहे. होड्या खारफुटीच्या खाडीत नेऊन मुळांना बांधताहेत. एकेका होडीला सहा सहा दोर. शेळ्या सोडून दिल्या. मास्तर निवाऱ्याचा प्रमुख झाला आहे. निवारा म्हणजे त्याची शाळा, किल्ली त्याच्या गळ्यात. सकाळी येऊन मला म्हणाला की बुधवारपर्यंत सामान बांधून वर या. मी म्हटलं, मी कुठंही जाणार नाही. त्या शाळेत नाव लिहून घेतात, हातात कोंबड्याचा डबा देतात आणि फोटो काढतात. पहिल्यांदा मत दिलं त्या दिवसापासून मी वल्ह्यावर खूण करते. तुझे आजोबाही वल्ह्याचेच होते आणि दारावर अजून त्यांचंच वल्हं ठोकलेलं आहे. म्हातारपणी दोन बिस्किटांसाठी मी कोंबड्याच्या फोटोत जायचं की काय?

शिवाय हे घर तुझ्या आजोबांनी, माझ्या ओबेदनं, बांधलं आहे. होडी बांधतात तसं, सगळे जोड खुंट्यांचे, खिळा जवळजवळ नाहीच. ते मला सांभाळेल.

जेवत जा. इकडची काळजी करू नकोस, केलीस तर मास्तरला कळवू नकोस. लोभ आहेच. तो वाढव म्हणत नाही, टोपली परत कर म्हणते.

तुझी आजी,
मेडोरा


सेंट जॉर्जेस
सोमवार, ५ सप्टेंबर

ती. आजीस व्हर्लिनचा सा. न.

टोपली माझ्या खाटेखाली आहे, सुखरूप. तिच्यात माझे मोजे आहेत हे तुला सांगणार नव्हते, पण तू विचारलंस.

आजी, या वेळचं कदाचित खरं वाटतं आहे. इस्पितळात आम्हाला आजपासून रजा बंद. वरच्या मजल्यावरचे रुग्ण खाली आणले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, पाण्याची पिंपं भरली. माझ्या वॉर्डातल्या एका म्हातारीनं मला विचारलं की घरी कोण आहे. मी म्हटलं, आजी आहे, समुद्रापासून तीस पावलांवर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठून गेले.

घर आजोबांनी होडीसारखं बांधलं हे खरं. पण ईस्टरला मी खाली वाकून पाहिलं होतं. समुद्राकडच्या बाजूची तळची तुळई कुजली आहे, बोट आरपार जातं. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू मला घर पाडणारी म्हणाली असतीस. आता म्हण.

राजकारणाचं म्हणशील, तर मला कोंबडाही नको आणि वल्हंही नको. कोंबड्यानं आमच्या इस्पितळाला वर्षभर कापूस पुरवला नाही. वल्ह्याचं राज्य होतं तेव्हाही नव्हता, असं मोठ्या नर्सबाई म्हणतात. इथल्या मोठ्या बेटावरच्या माणसांना कॅरियाकू फक्त मतदानाच्या आठवड्यात दिसतं, यावर तुझं आणि मास्तरांचं एकमत आहे. मग एकमेकांशी कशासाठी भांडता? पण तो वाद आपण वादळानंतर करू. आधी शाळेत जा. डबा घेऊ नकोस, फोटोच्या वेळी पाठ फिरव, पण जा.

बोटीबरोबर मीठ लावलेला मासा, मेणबत्त्या आणि काडेपेट्या पाठवते आहे. मास्तरांना वेगळी चिठ्ठी आहे, ती त्यांची आहे. वाचून घेऊ नकोस.

तुझ्या पायाशी बसून तुरी सोलायची इच्छा असलेली,
व्हर्लिन


पेलिकन बे
मंगळवार, ६ सप्टेंबर

चि. व्हर्लिन हिस अ. उ. आ., आणि मोज्यांना नाही.

माझ्या टोपलीत मोजे! माझ्या आईची टोपली आहे ती. बरं.

तुळई कुजलेली नाही, म्हातारी झाली आहे. मीही झाले आहे. माझ्यातून अजून कुणाचं बोट आरपार गेलेलं नाही.

आणि हे कोंबडा नको, वल्हं नको काय प्रकरण? आम्हाला मत मिळालं तेव्हा तुझे आजोबा पहाटे उठून तीन तास चालत गेले होते, आणि तू म्हणतेस दोन्ही नकोत. मास्तर इथं हसतो आहे. त्याला वाटतं तू अर्धी त्याच्याकडे आलीस. त्याला सांगितलं, अर्धं माणूस मत देत नाही.

मासा मिळाला. अर्धा भिजत घातला. काल संध्याकाळपासून वारा अगदी पडला आहे, पान हलत नाही. समुद्र सपाट आहे, पण मधूनच एक लांब लाट येते आणि वाळूवर नेहमीपेक्षा वर चढते. मी दारात बसून मोजते आहे. सकाळी ती नारळाच्या बुंध्यापर्यंत येत होती. आत्ता बुंध्याच्या पुढं आली. खेकडे टेकडीकडे निघालेत, माझ्या अंगणातूनच गेले, रांगेनं, घाईत. समुद्री पक्षीही गावावर घिरट्या घालताहेत. हे मी तुला सांगते आहे ते घाबरून नव्हे, गावच्या बातम्या म्हणून.

पिंप भरलं. दाराला आतून दोर बांधायची कडी लावली. शाळेत मी जाणार नाही. कारण सांगून झालं आहे, पुन्हा विचारू नकोस.

तू ऐकतेस तेवढीच तुझी,
आजी


(याच पाकिटात)

चि. व्हर्लिन,

ही चिठ्ठी आजीला वाचून दाखवलेली नाही. तिच्यामागं असं करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

तू सुचवतेस की पोलिसांचा हुकूम आला आहे असं मी पत्रात घुसडून वाचावं. ते जमणार नाही. ती दुसऱ्यांदा वाचायला लावते आणि खोटं वाचताना माझा आवाज बसतो, हे तिला ठाऊक आहे.

बिस्किटं आणि फोटो हे खरं कारण नाही. तुला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. मेडोरा सहा वर्षांची असताना त्या शाळेच्या दारात आली होती, नाव घालायला, एकटीच. पायात काही नव्हतं. मुख्य शिक्षकांनी तिला दारातूनच परत पाठवलं की बूट घालून ये. बूट कुठून येणार? ती परत आली नाही. मुख्य शिक्षक म्हणजे माझे वडील. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो, पायात बूट होते. पुढं मी त्याच शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. ती माझ्याशी भांडायला फाटकापर्यंत यायची, आत कधीच नाही.

म्हणून मी तिला कोणत्या तोंडानं ओढून आणू? ती रेडिओचं ऐकत नाही, मंत्र्याचं नाही, माझं तर नाहीच. ओबेदचं मात्र ऐकायची, आणि तो गेल्यापासून जास्तच. तो स्वप्नात येऊन भूक लागली म्हणाला की ती सकाळची वाट पाहत नाही, चूल पेटवते आणि तो सांगेल तिथं ताट मांडते. मागं एकदा त्यानं बोटीच्या डेकवर मागितलं, तर हिनं तिथं नेऊन मांडलं होतं.

बोट गुरुवारी शेवटची जाईल असं कॅप्टन होस्टन म्हणतो.

सायलस


सेंट जॉर्जेस
बुधवार, ७ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.

घाईत लिहिते आहे, बोट अर्ध्या तासात सुटेल.

आज दुपारी ड्यूटीच्या मध्ये मला अर्धा तास डोळा लागला, आणि आजोबा स्वप्नात आले. मला ते नीट आठवतही नाहीत, तरी ओळखलं. काळा कोट होता, पायात काळे चकचकीत बूट होते. ते आपल्या गावच्या शाळेच्या दारात उभे होते. म्हणाले की प्रिय मेडोराला सांग, मला भूक लागली आहे. माझं ताट या वेळी घरी मांडू नकोस. शाळेत मांड, शुक्रवारी, सकाळी. मी तिथं येईन.

तुला कळवणं माझं काम, म्हणून कळवते. स्वप्न आलेल्यानं ते दडवायचं नसतं, असं तूच शिकवलं आहेस.

रेडिओ आता कदाचित म्हणत नाही.

तुझी,
व्हर्लिन


पेलिकन बे
गुरुवार, ८ सप्टेंबर

चि. व्हर्लिन हिस आशीर्वाद, थोडेच, बाकीचे राखून ठेवले आहेत.

तुझं पत्र मास्तरनं एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज बसला. तेव्हाच मी समजले की यात कुणीतरी कुणाला काहीतरी सांगितलं आहे. आता तो मान खाली घालून लिहितो आहे. लिही, मास्तर, हेही लिही.

पोरी, ओबेदनं आयुष्यात बूट घातले नाहीत. तुझ्या खोलीत जो फोटो आहे ना, त्यातला कोट फोटोवाल्याचा आणि बूटही फोटोवाल्याचेच. फोटो झाल्यावर लगेच काढून परत दिले, आणि दोन दिवस अंगठा चोळत बसला. आणि प्रिय मेडोरा? एक्केचाळीस वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नाही. तो मला ए भांडकुदळ म्हणायचा. तू फोटोचं स्वप्न पाहिलंस. किंवा तेही पाहिलं नाहीस.

खोटं पकडलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण खोटं असलं तरी ते बोललं गेलं आहे. मेलेल्या माणसाची भूक एकदा तोंडातून निघाली की ताट मांडावं लागतं. आता ओबेदला कोण जाऊन सांगणार की नातीनं थाप मारली, तू परत फिर? तो ऐकून निघालाही असेल. शुक्रवारी सकाळी तो शाळेच्या दारात येईल, अनवाणी, आणि आत ताट नसेल. त्या दारातून अनवाणी परत फिरणं काय असतं ते मला ठाऊक आहे. ओबेदवर मी ती वेळ येऊ देणार नाही.

तेव्हा मी जाते आहे. तुझ्यासाठी नाही.

मास्तरला अटी घातल्या आणि त्याच्याकडूनच लिहून घेतल्या. मी बूट घालणार नाही. माझं नाव कुठल्या यादीत जाणार नाही. ताट उठेपर्यंत कोंबड्याचा एकही डबा फुटणार नाही. दारावरचं वल्हं माझ्याबरोबर येईल. आणि वारा लागत नाही त्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी राहील, ओबेदला आत यायला. या शेवटच्या अटीवर तो अडला. म्हणाला की निवाऱ्याच्या नियमात बसत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं लिहिलं.

मक्याचं पीठ, तुझा मासा, तुरी आणि ओबेदची रम एका गाठोड्यात बांधली. पांढरा कपडाही. आकाश पिवळं आहे. ती लांब लाट आता पायरीला लागते. घराला कुलूप लावायला गेले, तर किल्ली कुठं आहे हेच आठवेना. इतक्या वर्षांत कधी लावलं आहे? दार नुसतं ओढून घेईन.

कॅप्टन शिंग फुंकतो आहे. तू खिडक्यांपासून लांब राहा. तुझी तिथली छपरं कोणी बांधली मला माहीत नाही.

आजी


सेंट जॉर्जेस
रविवार, ११ सप्टेंबर

ती. आजीस,

हे पत्र कुठल्या बोटीनं जाईल माहीत नाही. रोज ड्यूटी संपली की धक्क्यावर जाते. तिथं कॅरियाकूची सगळी माणसं उभी असतात, आणि कुणालाच काही ठाऊक नसतं. फोन बंद आहे. रेडिओनं कॅरियाकूसाठी एकच वाक्य दिलं, की किनाऱ्यावरच्या घरांचं नुकसान झालं असावं. असावं! इथल्या छपराचा एक कोपरा गेला, पण आम्ही सगळे आहोत.

स्वप्न खोटं होतं. तू पकडलंस ते वाचून मी धक्क्यावरच रडले आणि हसलेही. मेलेल्या माणसाच्या नावानं थाप मारली, त्याचा काही दोष असेल तर तो माझ्यावर येऊ दे. फक्त तू शाळेत पोचलीस का, तेवढं कळव. एक ओळ पुरे. मास्तरांची टीप आली तरी चालेल.

व्हर्लिन


पेलिकन बे
मंगळवार, १३ सप्टेंबर

चि. व्हर्लिन हिस आजीचे अ. उ. आ., मागचे राखलेलेही यातच.

आहे. मास्तरही आहे. गावात माणूस एकही गेलं नाही. तीन शेळ्या, एक होडी आणि चर्चची घंटा गेली. घंटा सापडेल.

मंत्री काल हेलिकॉप्टरमधून म्हणाला म्हणे की वादळ कॅरियाकूला फक्त घासून गेलं. घासून! त्याला एकदा खाली उतरून उभं राहायला सांगा. वल्ह्याचा उमेदवार तर अजून फिरकलाच नाही, तेही लिही मास्तर, मी माझ्यांचंही लपवत नाही.

शुक्रवारी पहाटे निघाले. मास्तर शाळेच्या दारात उभा होता, गळ्यात किल्ली, आणि पायात काही नव्हतं. बूट काढून भिंतीशी ठेवले होते. इतक्या वर्षांत त्याची पावलं मी पहिल्यांदाच पाहिली, मऊ, फिकट, खड्यावर ठेवायला घाबरणारी. आत गेले. आतून ती शाळा अगदीच लहान आहे गं. मला वाटलं होतं केवढी असेल.

तिसऱ्या बाकावर पांढरा कपडा घातला, ताट मांडलं, मेणबत्ती लावली, रम ओतली. पासष्ट माणसं होती, कोंबड्याची आणि वल्ह्याची, सगळी ताटापासून मागं सरकून बसली. मग वारा आला. ते मी सांगत नाही, तू मला विचारू नकोस. दुपारी खाली समुद्राचा आवाज बदलला, तेव्हा ओबेद जेवून गेला असं समजून मी ताट उठवलं, आणि रिवाजाप्रमाणे पोरांनी त्याची लूट केली. कपडासुद्धा ओढला. बिस्किटांचा डबा मग फोडला. मी एक खाल्लं. शिळं होतं.

आता घराचं. शनिवारी खाली गेले तर जागेवर फक्त दगडी खांब. मी तिथंच बसले. मग मास्तरनं वरून हाक मारली. ओबेद खोटं बोलत नव्हता, त्यानं होडीच बांधली होती. समुद्र आत आला आणि घर खांबांवरून उचलून चढावर मास्तरच्या अंगणात नेऊन ठेवलं, त्याच्या अळूच्या वाफ्यात, थोडं वाकडं. स्वयंपाकघर शाबूत, कपबशीसुद्धा फुटली नाही. फक्त समुद्राकडची बाजू नाही. तुळईपासून तुटली. ती माझी झोपायची बाजू. खाट अजून सापडलेली नाही.

एवढंच. यावर पत्रात काही लिहू नकोस.

(मास्तरची टीप: अळूचं नुकसान भरून निघेल. घर हलवायची घाई नाही. – सायलस)

त्यानं काय लिहिलं ते दोन्ही वेळा सारखंच वाचलं. म्हणजे कोंबड्याच्या अंगणात आता वल्ह्याचं घर आहे, वल्हं पुन्हा दारावर ठोकलं आहे, आणि नोव्हेंबरपर्यंत मी रोज सकाळी त्याला ते दाखवणार आहे.

जपून राहा. लोभ आता मागितल्याशिवाय मिळतो आहे, तोच पुरे.

आजी

ता. क. काल ओबेद स्वप्नात आला. खरंखुरं. अनवाणी, गुडघ्यापर्यंत ओला. आधी जुन्या जागी जाऊन आला होता, म्हणून चिडलेला. म्हणाला की ए भांडकुदळ, घर इथं कुणी आणलं, आणि त्या पोरीला सांग, माझ्या पायात बूट घातलेस त्याचा दंड भर. तर पहिल्या बोटीनं माझी टोपली पाठव, मोजे काढून, रिकामी नाही. मीठ लावलेला मासा, धुरावर वाळवलेला हेरिंग मासा, कोकोचे गोळे, दोन जायफळं, आणि मक्याचं पीठ दोन ताटांपुरतं. हेरिंग जास्त घाल, तो मास्तरला आवडतो. पण त्याची पुडी वेगळी बांध, म्हणजे ओबेदच्या लक्षात येणार नाही.